वहिवाट कोणाची होती?

बिॲट्रिस हे अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या दक्षिणेकडचं, कॅन्ससच्या सीमेजवळचं लहान गाव. गावाबाहेर होमस्टेड कायद्याची, म्हणजे राहून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याची, आठवण जपणारं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. नांगराच्या फाळासारखं वर उचललेलं छत, मागे पुरुषभर उंचीचं गवत आणि त्यातून सतत वाहणारा वारा. डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाने १ जानेवारी १८६३ रोजी, म्हणजे कायदा लागू झाला त्याच दिवशी, इथल्या १६० एकरांवर दावा नोंदवला. तो आणि त्याची बायको अ‍ॅग्नेस याच जमिनीत पुरलेले आहेत. साताऱ्याहून आलेल्या नानांना मी हौसेने तिथे घेऊन गेले होते. बाकीची माणसं जुनी अवजारं, चरखे, चुली बघत पुढे सरकत होती. नाना मात्र नकाशासमोर उभे राहिले ते उभेच. हात पाठीमागे, मान किंचित तिरकी. तालुक्याच्या मोजणी कार्यालयात गावनकाशा टेबलावर पसरला की ते असेच उभे राहायचे. थोड्या वेळाने त्यांनी मला रेंजरबाईंना विचारायला सांगितलं, "याच्या आधी इथं वहिवाट कोणाची होती? आणि त्यांचं नाव कोणत्या फेरफारानं कमी केलं?"

बाईंनी नीट उत्तर दिलं. ही ओटो-मिझुरिया लोकांची भूमी. १८५४ च्या करारात त्यांनी नेब्रास्कातला मोठा मुलूख सोडला आणि बिग ब्लू नदीकाठचा एक पट्टा स्वतःकडे ठेवला. पुढे तोही विकला गेला आणि १८८१ मध्ये उरलेली माणसं आजच्या ओक्लाहोमात गेली. नानांनी ऐकून घेतलं, मान हलवली, चष्मा पुसला. मला मात्र तो प्रश्न त्या दिवसापासून सोडत नाही. अमेरिकेने पश्चिमेकडे पाय कसे पसरले याबद्दल मी बरंच वाचलेलं, ऐकलेलं होतं. अभिमानाने सांगणारे भेटले होते, संतापाने सांगणारेही. नानांच्या आवाजात दोन्ही नव्हतं. जन्मभर जमिनीचे कागद लिहिलेल्या माणसाने एक रकाना कोरा दिसला म्हणून तो प्रश्न विचारला होता.

नाना भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. आमच्या लहानपणी पडवीत एक जुनी लोखंडी साखळी टांगलेली असे. खात्याने कधीच मोडीत काढलेली ती साखळी नानांनी मागून आणली होती. तेहतीस फुटांची. पावसाळ्यात तिच्या कड्यांवर गंज चढायचा आणि हात लावला की बोटांना लोखंडाचा आंबूस वास बराच वेळ राहायचा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. इंग्रजांची मूळ साखळी हिच्या दुप्पट, सहासष्ट फुटांची. एडमंड गंटर नावाच्या गणित्याने ती सतराव्या शतकात ठरवून दिली. तिच्याच मापाने हा सगळा अमेरिकी मुलूख मोजला गेला. नानांना हे सांगितल्यावर त्यांनी गाडीत बसल्या बसल्या हिशेब केला. मैल म्हणजे आपल्या एकशेसाठ साखळ्या. अर्धा मैल म्हणजे ऐंशी. ऐंशी गुणिले ऐंशी, सहा हजार चारशे गुंठे. "म्हणजे बरोब्बर १६० एकर," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं एखाद्या परक्या गावात आपल्या भावकीतलं कुणी भेटावं.

मोजणीची रीत ठरली १७८५ मध्ये, देश नुकताच स्वतंत्र झालेला असताना. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन पाडायचे, त्याला टाउनशिप म्हणायचं. प्रत्येकाचे छत्तीस तुकडे, एकेक तुकडा ६४० एकरांचा. सोळाव्या क्रमांकाच्या तुकड्याचं उत्पन्न शाळेसाठी राखून ठेवायचं. मुलूख ताब्यात यायच्या, पाहून व्हायच्या आधी त्याचे चौकोन ठरलेले. १८०३ मध्ये नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरला लुइझियानाचा प्रदेश विकत घेतला आणि देशाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झालं, तेव्हा हीच जाळी पश्चिमेकडे ओढत न्यायची एवढंच बाकी होतं. वास्तविक तिथे राहणाऱ्या कोणत्याही जमातीने ती जमीन नेपोलियनला कधी दिलेली नव्हती. नेब्रास्का आणि कॅन्ससची जाळी चाळिसाव्या अक्षांशावरून सुरू होते. दोन्ही राज्यांमधली सीमाही तीच. माळावर खुणेला झाड नसेल तिथे कोपऱ्यावर मातीचा ढीग करून खुंट ठोकत मोजणीवाले पुढे गेले. नदी आडवी आली, टेकडी आली, कुणाचं दफनस्थान आलं, तरी रेघ सरळ.

नानांना एक गोष्ट माझ्याआधी दिसली. लिंकनहून दक्षिणेला जाताना गावाकडचा रस्ता मैलोन् मैल दोरी धरल्यासारखा सरळ जातो आणि मग काहीही कारण नसताना एकदम काटकोनात वळतो, थोडं जाऊन पुन्हा काटकोनात वळतो आणि परत उत्तर-दक्षिण सरळ लागतो. ना ओढा, ना घर, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. मी कितीदा तिथून गेले असेन. नाना म्हणाले, "इथं चूक जिरवली आहे." पृथ्वी गोल, उत्तरेकडे जाताना रेखांश एकमेकांच्या जवळ येत जातात. चौकोन कागदावर बसतात, जमिनीवर बसत नाहीत. म्हणून ठरावीक अंतरावर सगळी जाळी थोडी सरकवून नव्याने मांडावी लागते आणि रस्त्याला ते वळण घ्यावं लागतं. त्या वळणावर गाडी थांबवून आम्ही उतरलो. वारा इतका होता की बोलणं ऐकू येईना. कणसांची पाती एकमेकांवर घासत होती, तारेवर मेडोलार्क गात होता, आणि नाना रस्त्याच्या मधोमध उभे राहून हाताने रेघ कुठून आली, कुठे गेली ते हवेत काढत होते.

मला होमस्टेड कायद्याबद्दल सरसकट राग धरता येत नाही. याचं कारण माझ्या घरातच आहे.

माझे आजोबा माणदेशातले कूळ. दुसऱ्याच्या जमिनीवर राबायचं, खळ्यावर माल निघाला की मालकाचा वाटा आधी बाजूला काढायचा आणि उरलं त्यात वर्ष काढायचं. १९४८ चा कूळ कायदा आला, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला आणि कसेल त्याची जमीन या न्यायाने दोन एकराला कमी असं ते रान त्यांच्या नावावर लागलं. सातबारावर स्वतःचं नाव पाहिलं तेव्हा आजोबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेतलं, आणि पुन्हा वाचून घेतलं. आमच्या घरात शिकणं, नोकरी, मी आज जिथे आहे ते सगळं त्या एका नोंदीतून निघालं आहे. म्हणून १८६२ चा कायदा वाचताना मला बोहेमियातले, जर्मनीतले, स्वीडनमधले ते शेतमजूर दिसतात. एकवीस वर्षं पूर्ण असोत, सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसो, नागरिक व्हायची तयारी असो, बस. अठरा डॉलर फी, पाच वर्षं राहायचं, कसायचं, आणि १६० एकर आपले. एकट्या बाईला, विधवेला दावा करता येत होता. पुढे गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसालाही. १८६२ मध्ये जगात आणखी कुठे हे होतं? सोळा लाखांच्या आसपास लोकांना अशी जमीन मिळाली. सत्तावीस कोटी एकर, सगळ्या देशाच्या भूमीचा जवळजवळ दहावा हिस्सा.

आणि ती फुकट मुळीच नव्हती. नेब्रास्काच्या माळावर लाकूड नाही, दगड नाही. गवताच्या मुळांसकट मातीच्या लाद्या कापायच्या आणि त्या रचून घर बांधायचं. पावसात छत गळायचं, कोरड्या दिवसांत वरून माती झडायची. शिजत्या अन्नात माती पडू नये म्हणून छताखाली कापड ताणून बांधत. शेजारचं घर अर्ध्या-पाऊण मैलावर. गावात वाढलेल्या, पाणवठ्यावर दहा बायकांशी बोलायची सवय असलेल्या बाईने तिथे हिवाळा कसा काढला असेल याचा विचार आला की मला माझा लिंकनमधला पहिला हिवाळा आठवतो आणि मी गप्प होते. पाच वर्षांनी जमीन पक्की करताना दोन शेजाऱ्यांची साक्ष लागायची: याने घर बांधलं, एवढं रान फोडलं, इथे राहिला. नानांना ही तरतूद फार आवडली. "पंचनामाच की," म्हणाले. पण राज्याच्या पश्चिम भागात पाऊस कमी. तिथे १६० एकरांत कुटुंब जगत नाही हे पुढे सगळ्यांना कळलं. तोवर नांगर चालवला की मागून पाऊस येतो असं लोकांना सांगितलं जात होतं आणि लोक त्यावर विश्वास ठेवून कर्ज काढत होते. १८९० च्या दशकातल्या दुष्काळाने कित्येकांना आल्या वाटेने परत पाठवलं. १९०४ मध्ये पश्चिम नेब्रास्कासाठी ६४० एकरांचा वेगळा कायदा करावा लागला. माणदेशातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

अशा माणसांच्या कष्टांवर हा देश उभा राहिला हे खरं आहे. गहू, मका, जनावरं, त्यांना बाजारात नेणारी रेल्वे, रेल्वेच्या कडेने वसलेली गावं. १० मे १८६९ ला युटामधल्या प्रोमोन्टरीला दोन्ही बाजूंचे रूळ जुळले आणि महिनोन् महिन्यांचा प्रवास आठवड्याच्या आत आला. पश्चिमेकडून आलेला रूळ सिएरा नेवाडाचा खडक फोडून टाकला होता तो हजारो चिनी मजुरांनी. १८८२ मध्ये कायदा करून त्यांच्यासारख्या मजुरांना देशाचं दार बंद झालं. नव्या मुलखात गुलाम ठेवायचे की नाहीत या भांडणातून यादवी युद्धापर्यंत मजल गेली, आणि त्या भांडणाच्या मध्यभागी १८५४ साली हाच नेब्रास्का होता. काही कोटींच्या घरात असलेले गवे १८८० च्या दशकाअखेरीस हजाराच्या आसपास आले. माळावर पडलेली त्यांची हाडं गोळा करून खताच्या कारखान्यांना विकणं हा नवख्या शेतकऱ्यांचा जोडधंदा होता. पहिलं पीक हाती येईपर्यंत कित्येक घरांत त्या हाडांच्या पैशांवर पीठ आलं. ते पीठ खाणाऱ्या मुलांना मी काय म्हणू?

नानांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला बिॲट्रिसला मिळालं नाही. ते मिळालं राज्याच्या उत्तर टोकाला, नायोब्रारा नदी मिझुरीला मिळते तिथल्या पोंका लोकांच्या हकिकतीत. पोंका ही लहान जमात, मका पिकवणारी, अमेरिकी सरकारशी कधीही न लढलेली. त्यांनी करार करून बराच मुलूख सोडला आणि नदीकाठची आपली गावं राखली. १८६८ मध्ये सरकारने लाकोटा या दुसऱ्या जमातीशी फोर्ट लॅरमीला वेगळा करार केला आणि त्यात पोंकांची राखलेली जमीन चुकून लाकोटांच्या नावे लिहून टाकली. एकच क्षेत्र दोघांच्या नावावर. नानांनी हे ऐकलं आणि जेवताना हातातला घास खाली ठेवला. "मग दुरुस्ती?" त्यांनी विचारलं. दुरुस्ती झाली ती अशी: नोंद तशीच ठेवली आणि माणसं हलवली. १८७७ मध्ये सैनिकांच्या पहाऱ्यात साऱ्या जमातीला पायी इंडियन टेरिटरीकडे, म्हणजे मूळ रहिवासी जमातींसाठी ठेवलेल्या मुलखाकडे, आजच्या ओक्लाहोमाकडे, नेलं. वाटेत वादळं, पाऊस, चिखल. तिथे पोचल्यावर हिवताप. पहिल्या दोन वर्षांत घरटी कुणी ना कुणी गेलं.

त्यांचा एक प्रमुख, स्टँडिंग बेअर. त्याचा मुलगा १८७८ च्या डिसेंबरात वारला. मला आपल्या नदीकाठी पुरा, असं त्याने बापाकडून वचन घेतलं होतं. ऐन जानेवारीत मुलाच्या अस्थी गाडीत घालून, सुमारे तीस माणसं बरोबर घेऊन बाप उत्तरेकडे निघाला. बर्फातून दोन महिने चालून ओमाहा लोकांच्या वस्तीपर्यंत आला आणि परवानगीशिवाय टेरिटरी सोडली म्हणून पकडला गेला. पकडणारा जनरल क्रूक स्वतःच अस्वस्थ होता. त्याने ही हकिकत टिबल्स नावाच्या पत्रकाराच्या कानावर घातली, टिबल्सने ती छापली, दोन वकील बिनपैशाने उभे राहिले आणि १८७९ च्या मे महिन्यात ओमाहा शहरातल्या न्यायालयात खटला चालला. सरकारी बाजू अशी की इंडियन हा कायद्याच्या दृष्टीने व्यक्तीच नाही, तेव्हा त्याला दाद मागता येत नाही. स्टँडिंग बेअरने हात पुढे केला. या हाताचा रंग तुमच्यासारखा नाही, पण तो टोचला तर मला दुखेल, रक्त तुमच्यासारखंच निघेल, आपल्या दोघांना एकाच देवाने केलं, मीही माणूस आहे, अशा अर्थाचं तो बोलला. न्यायाधीश डंडींनी निकाल दिला की इंडियन ही कायद्याने व्यक्ती आहे. मुलाच्या अस्थी नायोब्राराकाठी पुरल्या गेल्या. त्या निकालाच्या आधी जवळजवळ शंभर वर्षं करार झाले, सह्या झाल्या, अंगठे उठले. समोरच्याला व्यक्ती न मानता त्याच्याशी व्यवहार झाला होता.

पुढचा घाव मोजणीनेच घातला. १८८७ च्या डॉझ कायद्याने जमातींच्या सामाईक जमिनी फोडून कुटुंबप्रमुखाला साधारण १६० एकर, असं वाटप सुरू केलं. आकडा ओळखीचा वाटेल. वाटून उरलेली जमीन जास्तीची ठरवून बाहेरच्यांना खुली केली. ज्यांच्या वाट्याला तुकडा आला त्यांचाही करापोटी, कर्जापोटी, फसवून हातचा गेला. १९३४ मध्ये हे थांबवलं तेव्हा तेरा कोटी ऐंशी लाख एकरांपैकी जेमतेम चार कोटी ऐंशी लाख उरले होते.

हे वाचून दाखवलं त्या रात्री नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी मला कधी न सांगितलेलं एक सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना धरणग्रस्तांना द्यायच्या जमिनींच्या मोजणीवर पाठवलं होतं. कागदावर ती पडीक जमीन होती. प्रत्यक्ष गेले तर तिथे धनगरांचे वाडे, मेंढरांच्या वाटा, पिढ्यानुपिढ्यांचा पाणवठा. त्यांची नावं कुठल्याच रकान्यात नव्हती. समोर दोन गरीब उभे होते. एकाचं गाव पाण्याखाली गेलेलं, दुसऱ्याची वाट शेतात जाणार होती. "मी साखळी टाकली," नाना म्हणाले. "शेऱ्याच्या रकान्यात मेंढरांची वाट लिहिली. साहेबांनी ती ठेवली की खोडली, ते मला कळलं नाही." बाहेर बर्फ पडत नव्हता, पण थंडी पडू लागली होती आणि हीटरचा तो पहिल्या दिवसाचा जळका वास घरभर होता. आजोबांचं नाव लागलं ती नोंद आणि नानांनी केलेला तो शेरा, दोन्ही मला एकाच घरातून मिळालेलं आहे. एकाची बाजू घेऊन दुसरं मी टाकू शकत नाही. ज्याच्या हाती काही नाही त्याला जमीन द्यावी हे मला आजही जगातल्या थोर कल्पनांपैकी एक वाटतं. ती कुणाच्या पायाखालून काढून द्यायची हा प्रश्न आधी विचारायला हवा होता आणि विचारणारी माणसं तेव्हाही होती, टिबल्स होते, डंडी होते. म्हणून तो काळच तसा होता, हे मला पटत नाही.

नाना परत जायच्या आधी आम्ही नीलीला गेलो. एल्कहॉर्न नदीकाठचं गाव. १८७७ च्या त्या चालीत पोंकांची एक दीड वर्षाची मुलगी इथे वारली, व्हाइट बफेलो गर्ल. तिच्या बापाने गावातल्या गोऱ्या लोकांना विनवलं की आम्हाला पुन्हा इथे येता येणार नाही, तुमच्या मुलांच्या थडग्यांसारखंच हिचंही बघा. गावाने ते पाळलं, अजून पाळतं. थडग्यावर ताजी फुलं होती, एक लहान बाहुली होती. याच गावाजवळ एका शेतकरी दांपत्याचं रान कीस्टोन एक्सएल तेलवाहिनीच्या नियोजित मार्गावर होतं. पोंकांना हाकललं तो रस्ताही त्याच रानातून गेलेला. २०१४ मध्ये त्यांनी पोंकांना तिथे आपला पूर्वापारचा पवित्र मका पेरायला बोलावलं. नेब्रास्काच्या मातीत ते बी १३७ वर्षांनी पडलं. आणि २०१८ मध्ये त्या रानाचा एक तुकडा त्यांनी रीतसर दस्त करून पोंकांना परत दिला. तेलवाहिनीच्या मार्गावर जमीनमालक म्हणून पोंकांचं नाव आलं. २०२१ मध्ये तो प्रकल्प सोडून देण्यात आला.

हे सगळं मी नानांना गाडीत सांगत होते. त्यांनी मधेच थांबवलं.

"कुणाच्या नावावर लावली? वाटप केलं की सामाईक ठेवली?"

"सामाईक. साऱ्या जमातीच्या नावावर."

"मग ठीक केलं," नाना म्हणाले. "एकट्यादुकट्याला गाठून कुणाला विकत घेता यायची नाही."